लेकरू आलं, आता गाडी कोणती?



गेल्या महिन्यात नांदेडहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. पण पत्र वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. तिच्याच शब्दांत थोडं सांगते.

"ताई, माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. आता घरात सगळ्यांचं म्हणणं, स्वतःची गाडी घेऊ. ह्यांना लाल रंगाची, वरची काच सरकणारी आणि मोठ्या आवाजात गाणी लावता येतील अशी हवी. मामंजींचं म्हणणं, घ्यायचीच तर सात माणसं मावली पाहिजेत. सासूबाई म्हणतात काळी नको. मला कोणी विचारलं नाही. मला एवढंच आठवतं, की बाळाला घेऊन भाड्याच्या गाडीने सासरी येताना अहमदपूरच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि मांडीवरचं बाळ माझ्या हातून पुढे सरकलं. पडलं नाही, पण त्या दिवसापासून रात्री दचकून जाग येते. माझे हातच कमी पडले असं वाटतं. गाडी कोणती घ्यावी? आणि घरात मी बोलावं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बोलावं. गाडीत लेकराजवळ मागे तूच बसणार आहेस. चुलीजवळ उभी राहणारी जर मिक्सर निवडते, तर मागच्या सीटवर बसणारीने गाडी निवडायला काय हरकत आहे?

आता माझी एक गोष्ट सांगते, कधी कोणाला फारशी न सांगितलेली. आमच्या वेळी लेकरू म्हणजे स्कूटरवर पुढे उभं केलेलं, दुसरं असलंच तर दोघांच्या मधे दाबलेलं. पुढे आम्ही एक जुनी चारचाकी घेतली आणि मला वाटलं, सुटले बाई! थोरल्याला मांडीवर घेऊन मी ऐटीत पुढे बसायची. एकदा तुळजापूरहून परतताना औशाच्या अलीकडे अंधारात एक बैलगाडी अचानक समोर आली. ह्यांनी ब्रेक दाबला, तरी गाडी मागच्या बाजूला टेकलीच. टेकली एवढंच, धडकही म्हणता येणार नाही. पण मुलाची हनुवटी समोरच्या फळीवर आदळली. चार टाके पडले. सगळे म्हणाले, देवीने राखलं. मीही तेच म्हणाले. मनात मात्र कितीतरी वर्षं एकच सल होता, की आईला आपलं लेकरू धरता आलं नाही. तो मुलगा आता दाढी ठेवतो. लोकांना वाटतं फॅशन आहे. दाढीखाली काय आहे ते मला ठाऊक.

हातांचा दोष नाही

म्हणून त्या नांदेडच्या मैत्रिणीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना एक साधा हिशेब सांगते. गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली आहे आणि उभ्या ट्रॉलीवर आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, असं धरा. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूचा भार साधारण वीसपट होतो. सात किलोचं बाळ एकशे चाळीस किलोचं होतं. म्हणजे क्विंटलच्या पोत्याहून जास्त! लातूरच्या अडतीवरचा हमालही असं पोतं पुढून अंगावर आलं तर नुसत्या हातांनी धरू शकणार नाही. मग आपण कशा धरणार? साध्या ब्रेकच्या वेळी भार इतका नसतो, म्हणूनच, बाई, तुझ्या हातांनी तुझं बाळ त्या दिवशी धरलं. हात कमी पडले नाहीत. त्या हातांवर जे काम सोपवलं गेलं होतं, ते हातांचं नव्हतंच.

आणि आता रस्ते पूर्वीचे राहिले नाहीत. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर हा सारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. पूर्वी खड्डे चुकवत गाडी चाळिशीत चालायची, आता सहज ऐंशीवर काटा जातो. त्यात हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, कित्येकींना मागे लाल दिवासुद्धा नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तेव्हा गाडी निवडताना पहिला प्रश्न 'दिसायला कशी' हा नको, 'आपटली तर आतलं लेकरू कसं राहील' हा हवा. अभद्र वाटतं ना बोलायला? पण विमा काढतानाही आपण अभद्रच बोलत असतो.

स्कूटरवरून चारचाकीत

आपल्याकडे मध्यमवर्गाच्या गाडीची गोष्ट खरी सुरू झाली १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. पुढे पावसात स्कूटरवरून चाललेलं एक चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त गाडीची कल्पना सुचली, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. २००८ मध्ये नॅनो लोकांसमोर आली. स्कूटरवरचं कुटुंब छपराखाली आलं, ही गोष्ट चांगलीच झाली. पण छप्पर मिळालं म्हणजे सगळं मिळालं का?

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या मुद्दाम आपटून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो. बिनाएअरबॅगच्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. तेव्हा आपल्याला कळलं, की दुकानात कोणी हे सांगतच नव्हतं, कारण आपण विचारतच नव्हतो. आपण विचारायचो, 'ॲव्हरेज किती देते?'

नंतर चित्र पालटलं. २०१८ मध्ये टाटांची नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या सरकारची 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली. यात गाडी ताशी चौसष्ट किलोमीटरने आपटतात आणि तारे दोन वेगवेगळे देतात, एक मोठ्यांसाठी आणि एक मुलांसाठी. जाहिरातीत बहुधा मोठ्यांचेच तारे मोठ्या अक्षरांत असतात. तुम्ही मात्र मुद्दाम विचारा, 'मुलांचे किती?'

चार मीटरच्या आतल्या, म्हणजे आपल्या गल्लीत वळणाऱ्या गाड्यांपैकी नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक आणि नवी डिझायर यांना २०२४-२५ च्या भारत एनकॅप चाचण्यांत दोन्हीकडे पाच-पाच तारे मिळाले आहेत. हीच घ्या असं मी म्हणत नाही. या यादीत भर पडत राहते. पण सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून नावं दिली. आपण घेतो ते मॉडेल आणि ते वर्ष चाचणीतलंच आहे ना, एवढं मात्र पाहून घ्या.

पाळणा आधी, गाडी मागून

आता एक गंमत ऐका. त्या चाचणीत मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या ठेवतात. कुठे ठेवतात? मुलांच्या खास सीटमध्ये, पट्ट्याने बांधून. आईच्या मांडीवर नव्हे! म्हणजे पाच ताऱ्यांची गाडी घेतली आणि बाळ मांडीवर घेतलं, तर ते तारे आपल्या बाळासाठी नाहीतच.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये सुरक्षित बसवलेलं हवं, नाहीतर एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे तो कोणी वसूल करताना दिसत नाही, हे खरं. पण दंडाच्या भीतीने थोडंच आपण लेकराला लस टोचतो?

सीटचे तीन टप्पे लक्षात ठेवा. तान्ह्यासाठी मागे तोंड करून बसवायची सीट, साधारण तेरा किलोपर्यंत. मग नऊ ते अठरा किलोची पट्ट्यांची सीट. आणि पुढे उंची वाढवणारं बैठं आसन, म्हणजे गाडीचा मोठा पट्टा मुलाच्या गळ्यावर न येता खांद्यावर येतो. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. मागे तोंड असेल तर धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. म्हणून जितके दिवस शक्य तितके दिवस मागेच तोंड ठेवा, दीड-दोन वर्षांपर्यंत गेलं तर उत्तमच. पाय दुमडले म्हणून मुलं कुरकुरत नाहीत, आपणच कुरकुरतो.

आणि ही सीट पुढच्या, एअरबॅग असलेल्या जागेवर कधीही लावू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फुगते आणि नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते. मोठ्याला वाचवणारी गोष्ट तान्ह्याच्या जिवावर उठते.

सीट घेताना युरोपच्या 'आर-४४' किंवा 'आर-१२९' चं लेबल किंवा आपल्या 'एआयएस-०७२' चा उल्लेख आहे का पाहा. गाडीत 'आयसोफिक्स' आहे का तेही पाहा. नाव अवघड आहे, वस्तू सोपी. मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घाला, दोन लोखंडी कड्या लागतात. सीट त्यांत कट्कन बसते. काही जणी म्हणतील, सीटला पैसे फार पडतात. अगं, लोक नव्या गाडीला चकचकीत चाकं, मखमली कव्हरं आणि पुढे लोखंडी गार्ड लावतात, तेवढ्या पैशांत ही सीट येते. ते गार्ड तर सरकारने २०१७ मध्येच बंद करायला सांगितलंय. आणि ज्या गाडीच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असते तिला भलतं घट्ट कव्हर चढवलं, तर एअरबॅग फुगायला अडते.

थंडीत एक काळजी घ्या. बाळाला जाड दुपट्यात गुंडाळून मग पट्टा लावू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण आतलं दुपटं दबतं आणि बाळ निसटतं. आधी पट्टा, वरून दुपटं. कुंचीची गाठही पट्ट्याखाली येऊ देऊ नका.

सात माणसांचा प्रश्न

मामंजींचं म्हणणं चुकीचं नाही. घरात लग्न निघालं, माळेगावच्या खंडोबाची जत्रा आली, की सात माणसं निघतातच. पण मोजून पाहा. वर्षात असे दिवस किती? पाच-दहा. बाकी साडेतीनशे दिवस गाडीत तीन माणसं, एक दुधाची बाटली आणि लंगोटांची पिशवी. लहान सात सीटर गाडीत तिसरी रांग उघडली, की डिकीत बाळाची ढकलगाडीसुद्धा राहत नाही. त्या पाच-दहा दिवसांसाठी भाड्याची गाडी करावी. हिशेबात स्वस्त पडते आणि मामंजींना पुढे ऐसपैस बसता येतं. मात्र घरात सासू-सासरे, दीर सगळे एकत्रच असतील आणि दर आठवड्याला गावी शेतावर जाणं असेल, तर मोठ्या गाडीचा विचार जरूर करा. माणसं किती, यापेक्षा ती रोज किती, हे मोजा.

सी.एन.जी. घ्यायची असेल तर डिकी उघडून बघा. टाकीने सगळी जागा खाल्ली असेल तर ढकलगाडी टपावर बांधणार का? काही गाड्यांत दोन लहान टाक्या खाली घालून जागा वाचवली आहे, त्या पाहा. आणि रोजच्या वाटेवर गॅसचा पंप आहे का, त्यावर रांग किती, हे रडतं बाळ डोळ्यांसमोर आणून ठरवा.

उन्हाचं काय?

हे पुण्या-मुंबईच्या बायकांना कळायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. उन्हात उभी असलेली गाडी दहा मिनिटांत आत दहा अंशांनी तापते. म्हणून 'आत्ता येते, बाळ झोपलंय' म्हणत त्याला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. गंज गोलाईत दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत कधी झालंय का?

गाडी पाहायला जाल तेव्हा मुद्दाम दुपारी दोन वाजता जा. मागे बसा. थंड हवेची झडप मागे आहे का? नसेल तर पुढच्या माणसाला हुडहुडी भरते आणि मागे बाळ घामाने भिजतं. वरच्या सरकत्या काचेचं म्हणाल, तर ती काचच आहे, ऊन घेऊन येते. आतून पूर्ण झाकणारा जाड पडदा असेल तरच विचार करा. आणि मूल मोठं झाल्यावर त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहतं, ते तर चालत्या गाडीत मुळीच नको. काचांना काळी फिल्म लावून घेऊ असं कोणी म्हटलं तर सांगा, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केलेली आहे.

रंग फिका घ्या, कमी तापतो. धुण्याचंही आहेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. धूळ न दाखवणारा रंग म्हणजे बादलीभर पाण्याची बचत. एका बादलीत फडकं बुडवून पिळून पुसलं, की पुरे. नळी लावून गाडी धुणाऱ्याची मला तरी लाज वाटते.

गंमत कुठे गेली?

ह्यांचा हिरमोड झाला असेल! तसं नको. बाप झाला म्हणून माणसाची हौस संपत नाही. पाच तारे असलेल्या या लहान गाड्या चालवायला चपळ असतात, त्यांत गाणी चांगली वाजतात. रुपेरी नको तर नको, लाल घ्या. तोही काळ्याइतका तापत नाही. हौस रंगात आणि गाण्यात भागवावी, सुरक्षिततेत काटछाट करून नव्हे.

आणि खरी गंमत गाडी कुठे नेता यात असते. रविवारी सकाळी लवकर निघून कंधारचा किल्ला पाहावा. पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला जावं, धारेपासून लांब उभं राहून. लातूरकरांनी खरोसा लेणी, औशाचा किल्ला करावा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला सीटमधून काढा, दूध पाजा, पाठ मोकळी होऊ द्या. चालत्या गाडीत पाजायला म्हणून बाळाला सोडवून घेऊ नका. तेवढ्याच वेळात ब्रेक लागतो.

पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जी.एस.टी. अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. लहान म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोलची असेल तर बाराशे सी.सी. पर्यंतची. सेस गेला तो वेगळा. तरी दुकानात सांगतात ती किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत फरक असतो. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर साधारण अकरा टक्के रोड टॅक्स, शिवाय तीन वर्षांचा सक्तीचा तिऱ्हाइताचा विमा. म्हणून 'ऑन रोड किती' हे कागदावर लिहून घ्या.

कर्ज घ्याल तर हप्ता छोटा बघून भुलू नका. पाच लाख रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १०,३८० रुपये आणि एकूण व्याज एक लाख तेवीस हजारांच्या आसपास. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ८,०४५ वर उतरतो, पण व्याज पावणेदोन लाखांवर जातं. त्या बावन्न हजारांत मुलाची सीट, पट्टे, सगळं येऊन वर उरतं. शिवाय महिन्याला सहाशे किलोमीटर फिरलात आणि गाडीने सोळाचं ॲव्हरेज दिलं, तर साडेसदतीस लिटर पेट्रोल. लिटरला शंभर धरले तरी पावणेचार हजार. हप्ता आणि पेट्रोल मिळून घराच्या खर्चाला ओढ लागत असेल, तर वर्षभर थांबा किंवा जुनी घ्या.

जुनी घ्यायला लाज नाही. पण माळेगावच्या जत्रेत घोडा घेणारा दात आणि खूर पाहिल्याशिवाय पैसे काढतो का? तसं पाहा. २०२२ पासूनच्या गाड्यांना पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या आहेत, त्या आधीच्यांत असतीलच असं नाही. एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. ब्रेक सक्तीचे झाले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी तयार केलेल्या असतात. मागचे पट्टे स्वतः ओढून पाहा, कुजलेले नाहीत ना, कुलूप लागतं ना. गालिचा उचलून गंज पाहा. अपघातात सापडलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. मुलाची सीट मात्र जुनी घ्यायचीच तर ओळखीच्याकडूनच, धडक न बसलेली. आणि आत्ता गाडी जमतच नसेल, दुचाकीवरच भागवायचं असेल, तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर अंगाला बांधायचा पट्टा आणि हेल्मेट सक्तीचं आहे, वेगही चाळीसच्या आत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर दुचाकीवर नेऊच नये.

आता घरात कसं बोलावं?

भांडून काही होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं? सीट आधी विकत आण, म्हणजे 'बघू पुढे' हे वाक्यच उरत नाही. मग गाडी पाहायला सगळ्यांना घेऊन जा. सासूबाईंना मागे बसव, पायऱ्यांसारखं चढावं लागतं का, गुडघे दुखतात का विचार. मामंजींना दारं उघडून बघू दे. सीट सोबत ने आणि दुकानातल्या माणसाला म्हण, 'ही बसवून दाखवा.' पाच मिनिटांत बसली नाही तर ती गाडी आपली नव्हे. त्यांनी तीन गाड्या निवडल्या तर त्या तिघींतून कोणती, हे ह्यांना ठरवू दे. हौस त्यांची, अटी तुझ्या.

सासूबाई म्हणतील, "लेकराला बांधून ठेवायचं म्हणजे काय, वासरू आहे का ते? आम्ही नाही का मांडीवर वाढवली?" त्यांना उलट उत्तर देऊ नकोस. जवळ बसून तो पोत्याचा हिशेब सांग. माझ्या सासूबाई शेतातल्या. त्यांना हनुवटीचे टाके पटले नव्हते, 'लेकरं पडतातच' म्हणाल्या होत्या. पण क्विंटलचं पोतं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. पुढे धाकट्याच्या वेळी, त्या काळी अशी सीट कुठे मिळायची, तर त्याच मला मागे बसायला सांगून ह्यांना म्हणायच्या, "हळू घ्या, मागं लेकरू आहे."

आणि एक गोष्ट राहिली. गाडी तू शीक. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, एक महिन्यानंतर पक्क्याची परीक्षा देता येते. रात्री अडीच वाजता बाळ तापाने फणफणलं आणि हे परगावी असले, तर गाडी अंगणात आणि किल्ली खुंटीवर असून काय उपयोग? म्हणून गाडी पाहताना चालकाच्या जागेवरही बस. सीट वर-खाली होते का, पाय क्लचवर पुरतात का, पुढचं नाक दिसतं का, ते बघ.

नवी गाडी दारात आली, की हळदीकुंकू वाहा, नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. मग बाळाला मागे बसवून पट्टा लावा, पट्टा आणि छातीच्या मधे बोट जेमतेम जाईल एवढाच सैल ठेवा, आणि तू शेजारी बसून स्वतःचाही पट्टा लाव. हात मोकळे राहतील. त्या हातात खुळखुळा धर.

जाता जाता : सीटवर दूध सांडलं की चार दिवसांत गाडीला आंबूस वास येतो. अत्तर मारू नका, वास दुप्पट होतो. ओलं टिपून घ्या, वर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झटका. मुलांच्या सीटच्या पट्ट्यांना मात्र साबण, सोडा, ब्लीच काही लावू नका, धागा कमकुवत होतो. साध्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा.